रांगेतली चित्रे आणि मागे पडणारा माउस

जुन्या संगणकावर एखादा गेम सुरू केला की कधी कधी एक विचित्र जडपणा जाणवतो. हात माउस उजवीकडे सरकवतो, पडद्यावरचे दृश्य क्षणभर तसेच राहते आणि मग वळते. हात थांबतो तेव्हा दृश्य अजून वळतच असते. नेम धरायला जावे तर तो लक्ष्याच्या पुढे निघून जातो, परत आणायला जावे तर दुसऱ्या बाजूला घसरतो. पाण्याखाली हात हलवल्यासारखे वाटत राहते. गेम बंद पडलेला नसतो, चित्रही बऱ्यापैकी सलग दिसते, कोपऱ्यातला आकडा सेकंदाला २५-३० फ्रेम दाखवत असतो, आणि तरीही खेळणे नकोसे होते. यावर सर्रास मिळणारे सल्ले तीन: माउस बदला, कार्ड बदला, नाही तर सगळ्या सेटिंग तळाला नेऊन फ्रेमचा आकडा वाढवा. हे तिन्ही सल्ले दुखण्याच्या मुळापाशी पोहोचत नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामध्ये काढायच्या चित्रांची एक रांग साचलेली असते, आणि माउस मागे पडण्यात सर्वांत मोठा वाटा त्या रांगेचा असतो. ही रांग जुन्या कार्डावरही, एक रुपयाही न खर्चता, आखूड करता येते.

हे पटायचे तर माउसची एक हालचाल पडद्यापर्यंत कोणत्या वाटेने जाते ते पाहायला हवे. माउसच्या पोटातला सेन्सर टेबलाचा पृष्ठभाग टिपतो आणि किती सरकलो त्याचा हिशेब करतो. संगणक हा हिशेब यूएसबीवरून ठरावीक वेळाने मागून घेतो. साध्या माउसकडून तो सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी मागितला जातो. गेमिंगच्या नावाने विकल्या जाणाऱ्या माउसकडून सेकंदाला १००० वेळा. साध्या माउसमुळे होणारा उशीर म्हणजे सरासरी ४ मिलिसेकंद, आणि महागड्या माउसमुळे अर्धा मिलिसेकंद. बचत झाली साडेतीन मिलिसेकंदांची. पुढे गेम दर फ्रेमला एकदा हा हिशेब वाचतो, त्यावरून खेळाडू कुठे पाहतो आहे हे प्रोसेसर ठरवतो, भिंती, माणसे, सावल्या काढण्याच्या आज्ञा तयार करतो आणि ड्रायव्हरकडे सोपवतो. कार्ड त्या आज्ञांप्रमाणे चित्र काढते, आणि ६० हर्ट्झचा मॉनिटर ते वरच्या कडेपासून खालपर्यंत उतरवायला सुमारे १६.७ मिलिसेकंद घेतो. या सगळ्या वाटेवर १०० मिलिसेकंदांहून जास्त वेळ कुठे मुरतो आहे, हा खरा प्रश्न. तो माउसमध्ये मुरत नाही, हे वरच्या आकड्यांवरूनच उघड आहे. अशा संगणकाला नवा माउस जोडणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. उलट एकाच कोअरच्या जुन्या प्रोसेसरवर सेकंदाला हजार नोंदी हाताळण्याचा भार वाढतो, तो वेगळाच.

वेळ मुरतो तो प्रोसेसरने आज्ञा सोपवल्यानंतर आणि कार्डाने चित्र काढायला घेण्याआधी. स्वयंपाकघरात एक जण पोळ्या लाटतो आहे आणि दुसरा तव्यावर भाजतो आहे असे समजा. लाटणाऱ्याचा हात जलद, तवा मात्र एकच. थोड्याच वेळात लाटलेल्या पोळ्यांचा थर साचतो. आता पंगतीतून कुणी सांगितले, "पातळ लाटा हो," तर लाटणारा लगेच पातळ लाटू लागेल, पण ती पोळी पानात पडेल ती आधी लाटून ठेवलेल्या सगळ्या भाजून झाल्यावरच. माउसची हालचाल म्हणजे लाटणाऱ्याला दिलेली सूचना. प्रोसेसर ती तत्काळ पाळतो, पण त्याने आधीच्या सूचनांवरून तयार केलेल्या चित्रांच्या आज्ञा कार्डापुढे पडून असतात. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टथ्रीडीमध्ये गेमने वेगळे काही सांगितले नाही तर प्रोसेसरला तीन चित्रांपर्यंत पुढे जाण्याची मुभा असते. हा तीनचा आकडा लहान वाटतो. पण गर्दीचे गणित इथेही तंतोतंत लागू पडते: जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम सांगतो की रांगेतला सरासरी मुक्काम म्हणजे रांगेतली संख्या भागिले कामाचा वेग. रांगेत ३ चित्रे आणि कार्डाचा वेग सेकंदाला २५, तर प्रत्येक चित्राचा मुक्काम ३ भागिले २५, म्हणजे ०.१२ सेकंद. हे १२० मिलिसेकंद झाले. पडद्यावर उतरण्याचा वेळ त्यावर आणखी. खेळणाऱ्याला दिसणारे दृश्य त्याच्या हाताच्या एवढे मागे असते.

हेच गणित जुन्या कार्डांच्या वाट्याला ही पीडा का येते तेही सांगते. सेकंदाला १०० चित्रे काढणाऱ्या कार्डापुढेही तीनचीच रांग असते, पण तिचा मुक्काम ३० मिलिसेकंदांत आटोपतो आणि बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. रांगेची लांबी चित्रांमध्ये मोजली जाते, हात मात्र उशीर वेळेत मोजतो. चित्र जितके सावकाश निघेल तितकी तीच रांग वेळेत लांबत जाते. आता सर्रास दिला जाणारा सल्ला या गणितात घालून पाहा. सावल्या बंद केल्या, वेग २५ वरून ३० वर नेला, पण रांग तीनचीच ठेवली, तर मुक्काम १२० वरून १०० मिलिसेकंदांवर येतो. याउलट सावल्यांना हात न लावता रांग एका चित्रावर आणली आणि त्या भानगडीत वेग २५ वरून २२ पर्यंत घसरला, तरी मुक्काम ४५ मिलिसेकंदांच्या आसपास येतो. आकडा घटला आणि माउस निम्म्याहून अधिक हलका झाला. कोपऱ्यातल्या फ्रेमच्या आकड्याकडेच डोळे लावून बसणाऱ्याला ही गोष्ट कधीच सापडणार नाही, कारण तो आकडा वेग सांगतो, मुक्काम सांगत नाही. खरोखर रांगेचेच दुखणे आहे का हे पडताळण्याची एक सोपी कसोटी आहे. गेममध्ये उघड्या आकाशाकडे किंवा अगदी जवळच्या कोऱ्या भिंतीकडे पाहून माउस फिरवावा. तेवढ्यापुरते कार्डाला फारसे काही काढायचे नसते, रांग ओसरते, आणि माउस एकदम हाताला चिकटल्यासारखा चालू लागतो. पुन्हा गर्दीच्या रस्त्याकडे वळताच तो जड झाला, तर माउस, यूएसबी आणि विंडोज हे तिघेही निर्दोष आहेत.

इथे एक आक्षेप नेहमी येतो. माणसाला काही दिसल्यावर बोट दाबायलाच २०० मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. मग यंत्राचे पन्नास-शंभर मिलिसेकंद इकडे-तिकडे झाले तर काय बिघडले? आक्षेप वरवर बिनतोड आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. दिवा लागल्यावर बटण दाबणे ही एकेरी क्रिया आहे. माउसने नेम धरणे तसे नाही. त्यात हात हलतो, डोळा फरक पाहतो, हात सुधारतो, डोळा पुन्हा पाहतो. हे चक्र सतत फिरत असते आणि प्रत्येक फेरीत डोळ्याला मिळणारी बातमी शिळी असेल तर प्रत्येक सुधारणा चुकीच्या जागेवरून सुरू होते. १९९३ साली स्कॉट मॅकेंझी आणि कॉलिन वेअर या संशोधकांनी नेमके हेच मोजले. माउसने लक्ष्य गाठण्याच्या साध्या कामात त्यांनी ८.३, २५, ७५ आणि २२५ मिलिसेकंदांचा उशीर मुद्दाम घातला. ७५ मिलिसेकंदांना लक्ष्य गाठण्याचा वेळ १६ टक्क्यांनी आणि चुका ३६ टक्क्यांनी वाढल्या. २२५ मिलिसेकंदांना वेळ ६४ टक्क्यांनी आणि चुका २१४ टक्क्यांनी. त्याहून महत्त्वाचे निरीक्षण असे की उशिराचा फटका कामाच्या अवघडपणाबरोबर वाढत गेला. लक्ष्य लहान आणि दूर असेल तर तोच उशीर जास्त महाग पडतो. लांबवरच्या खिडकीत डोकावणाऱ्या शत्रूवर नेम धरणे म्हणजे लहान आणि दूरचे लक्ष्यच. आपला १२० मिलिसेकंदांचा मुक्काम या प्रयोगातल्या शेवटच्या दोन आकड्यांच्या मध्ये पडतो, आणि रांग एकावर आणल्यानंतरचा ४५ हा मधल्या दोन आकड्यांच्या मध्ये. हा फरक मनाचा खेळ मुळीच नाही.

खुद्द गेम बनवणाऱ्यांना रांगेची ही खोड फार पूर्वीपासून माहीत आहे, आणि मला वाटते हा माझ्या बाजूचा सर्वांत बोलका पुरावा आहे. १९९९ साली आलेल्या क्वेक थ्रीच्या मेनूत 'सिंक एव्हरी फ्रेम' नावाची एक ओळ होती. ती चालू केली की आतली 'आर फिनिश' ही सेटिंग एकवर जाई आणि गेम प्रत्येक चित्राशेवटी कार्डाला विचारी, सगळे काढून झाले का. होकार आल्याशिवाय प्रोसेसर पुढच्या चित्राला हात लावत नसे. पोळ्यांच्या भाषेत, तवा रिकामा झाल्याशिवाय पुढची लाटायची नाही. फ्रेमचा आकडा त्यामुळे उतरे, पण माउस हाताबरोबर चाले. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये याच जातीची इनपुट लॅग कमी करण्याची वेगळी चौकट होती, आणि शेजारीच हार्डवेअर कर्सरची दुसरी. ही दुसरी चौकट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुष्कळांची दिशाभूल तिथेच होते. विंडोजच्या डेस्कटॉपवर दिसणारा बाण चित्राचा भाग नसतो; कार्ड तो छोटा ठसा वेगळा जपून ठेवते आणि चित्र मॉनिटरकडे धाडताना वरून चिकटवते. म्हणून गेम कितीही रखडला तरी तो बाण चपळच राहतो. गेमने तो बाण स्वतः चित्रात काढायला घेतला की तोही रांगेत जाऊन उभा राहतो. डेस्कटॉपवर माउस छान चालतो, म्हणजे कार्ड ठीक आहे आणि गेमच वाईट लिहिलेला आहे, हा निष्कर्ष त्यामुळे घाईचा ठरतो. बंदुकीच्या खेळात तर वेगळा बाण नसतोच. सगळे दृश्यच माउसने वळते, आणि ते पूर्ण दृश्य रांगेतूनच येते.

प्रत्यक्ष उपाय इथून सुरू होतो. एनव्हिडियाच्या जुन्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'मॅक्झिमम प्री-रेंडर्ड फ्रेम्स' नावाची सेटिंग असते. ती १ वर ठेवावी. २०१९ साली तिचे नाव 'लो लेटन्सी मोड' झाले आणि त्यात 'ऑन' म्हणजे जवळपास तेच. जीफोर्स ८००० आणि ९००० मालिकेच्या कार्डांना हे नवे नाव भेटत नाही, कारण त्यांचे ड्रायव्हर त्याआधीच थांबले. पण जुने नाव तिथे आहे आणि ते काम करते. जुन्या रेडिऑन कार्डांवर हीच गोष्ट 'फ्लिप क्यू साइझ' या नावाने एटीआय ट्रे टूल्ससारख्या बाहेरच्या साधनातून बदलता येई. इंटेलच्या मदरबोर्डवरच्या ग्राफिक्समध्ये असा सरळ खटका नसतो, आणि तिथे दुसरी वाट धरावी लागते. ती वाट सगळ्याच कार्डांवर चालते आणि माझ्या मते हा सगळ्यांत गुणी उपाय आहे: फ्रेमच्या संख्येला मर्यादा घालणे. आधीच रडतखडत चालणाऱ्या कार्डाला आणखी लगाम कशाला, हा प्रश्न कुणीही विचारेल. पण रांग साचते कधी? लाटणारा भाजणाऱ्याच्या पुढे धावतो तेव्हाच. कार्ड गर्दीच्या दृश्यात ३२ आणि मोकळ्या दृश्यात ४५ चित्रे काढत असेल आणि गेमला सांगितले की ३० च्या वर जाऊ नकोस, तर प्रोसेसर प्रत्येक चित्रानंतर थांबतो, कार्ड आपले काम संपवून क्षणभर मोकळे होते, आणि पुढची आज्ञा येते तेव्हा तिच्या पुढे कुणीच उभे नसते. गर्दीच्या दृश्यातही चित्राचा मुक्काम तीस-एकतीस मिलिसेकंदांपाशी थांबतो. लगामाशिवाय तीनच्या रांगेने तो नव्वदीच्या पुढे गेला असता. मर्यादा नेहमीच्या सर्वांत कमी आकड्याच्या किंचित खाली हवी. ती वर ठेवली तर गर्दीत, म्हणजे नेमकी गरज असेल तेव्हा, रांग पुन्हा भरते. ही मर्यादा शक्यतो गेमच्या आतूनच घालावी. क्वेकच्या घराण्यात आणि काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये ती कन्सोलमधून एका ओळीत घालता येते. गेम आतून थांबतो तो माउस वाचण्याच्या आधी, त्यामुळे वाचलेली हालचाल ताजी राहते. रिव्हाट्यूनर स्टॅटिस्टिक्स सर्व्हरसारखे बाहेरचे साधन चित्र सोपवण्याच्या दारात अडवते. ते तितके ताजे नसते, पण ज्या गेममध्ये आतली सोय नाही तिथे तेही मोलाचे आहे. एनव्हिडियाने २०२० साली आणलेले रिफ्लेक्स तंत्र याच विचाराची सुधारित आवृत्ती आहे: कार्ड मोकळे होणार असेल तेवढ्यातच माउस वाचायचा. जुन्या कार्डांना रिफ्लेक्स मिळत नाही, पण त्यामागचा विचार त्यांनाही वापरता येतो.

व्ही-सिंक या सेटिंगबद्दल थोडे अधिक बोलायला हवे, कारण तिच्यामुळे झालेला घोटाळा फार मोठा आहे. कार्ड अर्धे चित्र बदलत असतानाच मॉनिटरने ते उचलले तर पडद्यावर आडवी चीर दिसते. ती टाळण्यासाठी व्ही-सिंक कार्डाला सांगते की मॉनिटरची एक खेप पूर्ण होईपर्यंत थांब. जलद कार्डाला हे थांबणे परवडते. पण २२ मिलिसेकंदांत चित्र काढणारे कार्ड घ्या, म्हणजे सेकंदाला ४५. ६० हर्ट्झच्या मॉनिटरची खेप १६.७ मिलिसेकंदांची, पहिली हुकली, आता दुसरीची वाट पाहायची, आणि प्रत्येक चित्राला ३३.३ मिलिसेकंद लागू लागतात. ४५ चा वेग सरळ ३० वर येतो, कार्ड अडून राहते, प्रोसेसर मात्र पुढे लाटतच राहतो, आणि तीनची रांग गच्च भरून मुक्काम १०० मिलिसेकंदांवर जातो. २००८ सालचा डेड स्पेस हा गेम याचे ठळक उदाहरण आहे. त्यातली स्वतःची व्ही-सिंक चालू असली की माउस चिखलात रुतल्यासारखा चाले, आणि ती बंद करून ड्रायव्हरमधून वेगळी लावली की तोच गेम त्याच संगणकावर सुधारे. ट्रिपल बफरिंगने हे सुटते असे सांगितले जाते. त्यात अर्धेच सत्य आहे. नवे चित्र तयार झाल्यावर जुने न दाखवलेले चित्र टाकून देणारी पद्धत असेल तर उशीर खरोखर घटतो. पण डायरेक्टथ्रीडीच्या बऱ्याच जुन्या गेममध्ये तिसरा बफर म्हणजे रांगेत आणखी एक जागा, आणि तिथे एकही चित्र टाकून दिले जात नाही. चीर दिसणे त्रासदायक आहे हे मान्य. तरीही जुन्या कार्डावर आधी व्ही-सिंक बंद, रांग एक, आणि फ्रेमला मर्यादा, हा क्रम मी सुचवीन. चीर सहन होत नसेल तर मग व्ही-सिंक परत आणावी आणि मर्यादा ३० च्या किंचित खाली ठेवावी. गेम खिडकीत न चालवता पूर्ण पडद्यावर चालवणेही महत्त्वाचे. व्हिस्टापासून विंडोज सगळ्या खिडक्या एकत्र जोडून मग दाखवते, आणि खिडकीतल्या गेमच्या वाटेवर तो एक जास्तीचा थांबा असतो.

रांग आखूड झाली की मगच चित्र हलके करण्याला अर्थ येतो, आणि तिथे सगळ्या सेटिंग सारख्या नसतात. १२८० गुणिले १०२४ च्या पडद्यावर १३ लाख १० हजारांहून अधिक ठिपके असतात. १०२४ गुणिले ७६८ वर ७ लाख ८६ हजार. एकाच बदलात काम ६० टक्क्यांवर येते. जुन्या कार्डाचा जीव बहुधा ठिपके रंगवण्यातच जातो, म्हणून रिझोल्यूशन, अँटीअलायझिंग आणि सावल्या या तिघांपासून सुरुवात करावी. टेक्श्चरची गोष्ट निराळी आहे. २५६ मेगाबाइट मेमरीच्या कार्डात टेक्श्चर मावेनाशी झाली की ती संगणकाच्या मुख्य मेमरीतून ओढून आणावी लागतात. २००७ सालच्या जीफोर्स ८८०० जीटीला स्वतःच्या मेमरीतून सेकंदाला ५७.६ गिगाबाइट मिळत, आणि पहिल्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या वाटेने जेमतेम ४. पण त्याचे लक्षण सततच्या जडपणाचे नसते, अधूनमधून बसणाऱ्या हिसक्याचे असते. माउस नीट चालता चालता एकदम अडखळत असेल तर टेक्श्चर कमी करावी. सतत मागे राहत असेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये. मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सचे हाल यापेक्षा मोठे. इंटेलचे जीएमए ९५० हे भारतातल्या असंख्य ऑफिसांत आणि घरांत पोहोचले. त्याला स्वतःची मेमरी नाही, आणि आकृत्यांच्या कोपऱ्यांचा हिशेबही ते प्रोसेसरवर ढकलते. अशा संगणकात मेमरीची एकच पट्टी असेल तर डीडीआर टू ६६७ च्या हिशेबाने ५.३ गिगाबाइट एवढाच ओघ प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांत वाटला जातो. त्याच मापाची दुसरी पट्टी योग्य खाचेत बसवली की तो दुप्पट होतो. लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात जुनी पट्टी शोधणे हा नव्या माउसपेक्षा कितीतरी सार्थ खर्च आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. रांग कुणी निष्काळजीपणे ठेवलेली नाही. ती ठेवण्यामागे कारण आहे. प्रोसेसरला मधेच एखाद्या चित्राला जास्त वेळ लागला तर रांगेतला साठा कार्डाला कामात ठेवतो आणि दृश्य सलग दिसते. रांग एकावर आणली तर हा आधार जातो. हे खरे आहे, आणि ज्या संगणकात प्रोसेसरच दुबळा आहे तिथे रांग एकावर आणल्याने हिसके वाढू शकतात. तिथे २ हा आकडा वापरून पाहावा. दोन कार्डे जोडून आलटून पालटून चित्रे काढणाऱ्या जुन्या एसएलआय किंवा क्रॉसफायर जोडीला तर एकच्या रांगेत कामच वाटून घेता येत नाही. पण हा आक्षेप जितका खरा आहे तितकाच तो मर्यादितही आहे. रांगेचा सलगपणा पाहणाऱ्याच्या उपयोगाचा आहे; रेकॉर्ड केलेला खेळ बघताना तो उत्तम. खेळणाऱ्याला हात आणि डोळा यांचे नाते हवे असते, आणि त्याच्यासाठी थोडे अडखळणारे पण ताजे दृश्य हे गुळगुळीत पण शिळ्या दृश्यापेक्षा चांगले. शिवाय प्रोसेसर दुबळा असला की तो कार्डाच्या पुढे धावत नाही, म्हणजे रांग मुळात भरतच नाही. तिथला जडपणा बहुधा दुसऱ्याच कारणाचा असतो. गेममधले माउस स्मूदिंग हे त्यातले एक. ते मागच्या आणि आताच्या हालचालीची सरासरी काढते, म्हणजे अर्ध्या फ्रेमचा उशीर मुद्दाम घालते. २० फ्रेमच्या वेगाला ते २५ मिलिसेकंद होतात. विंडोजमधले 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' मात्र उशीर करत नाही, हालचालीचे प्रमाण बदलते. दोन्ही बंद करावीत, पण दोन्हींचे दुखणे एक नाही हे ओळखून.

नवे कार्डच का घेऊ नये, हा प्रश्न उरतो. परवडत असेल तर जरूर घ्यावे. पण जुन्या मदरबोर्डला आणि जुन्या पॉवर सप्लायला पेलेल असे कार्ड शोधावे लागते, आणि नवे कार्ड घेऊनही ६० हर्ट्झची व्ही-सिंक आणि तीनची रांग तशीच ठेवली तर ५० मिलिसेकंदांचा मुक्काम पदरात पडतोच. रांग एकवर आणलेल्या जुन्या कार्डाच्या ४५ शी तो जवळजवळ बरोबरी करतो. शिवाय एखाद्या विद्यार्थ्याला घरात आहे तो संगणक वापरून खेळता यावे, यात मला काही गैर वाटत नाही. त्याला निव्वळ 'नवा घे' एवढेच उत्तर देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मात्र काय बदलले हे भावनेवर न सोडता मोजावे. बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारा स्लो मोशन कॅमेरा असतो. माउस आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा तो ठेवावा, बोटाने माउसला झटका द्यावा, आणि नंतर व्हिडिओ एकेक फ्रेम पुढे सरकवत माउस हलल्यापासून दृश्य हलेपर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. प्रत्येक फ्रेम सुमारे ४.२ मिलिसेकंदांची. झटका मॉनिटरच्या खेपेत कधी आधी पडतो, कधी नंतर, म्हणून दहा वेळा मोजून सरासरी घ्यावी. मोजणी नेहमी गेममधल्या एकाच ठिकाणी, एकाच गर्दीच्या दृश्याकडे पाहून करावी, आणि एका वेळी एकच सेटिंग बदलावी. आधी ३५ फ्रेम येत असतील आणि रांग आखूड करून, मर्यादा घालून त्या १८ वर आल्या, तर ७० मिलिसेकंद वाचले. आकडा १८ वरच अडला आणि गेम सेकंदाला पंधराच चित्रे काढत असेल, तर एका चित्रालाच ६७ मिलिसेकंद जात आहेत. तिथे रांगेत काढण्यासारखे काही उरलेले नाही, आणि पुढची पायरी रिझोल्यूशन ८०० गुणिले ६०० वर आणणे हीच.